मालिकेतला क्राऊड: कॉल टाइमपासून व्हाउचरपर्यंत

लगीनघाई (धागाकर्ता)

"मालिकेत मागे उभं राहायचं काम कसं मिळतं?" अशी विचारणा गप्पांच्या पानावर सारखी होते आणि उत्तरं तिथेच वाहून जातात. म्हणून हा स्वतंत्र धागा. क्राऊड लावणारे, सांभाळणारे आणि क्राऊडमध्ये उभे राहणारे इथे बरेच जण आहेत. किस्से नकोत, त्यांच्यासाठी दुसरा धागा आहे. इथे कामाचं तेवढं लिहू या.

सुरुवात मी करतो. क्राऊडची माणसं दिग्दर्शक निवडत नाही, चॅनल तर नाहीच. सहायक दिग्दर्शक प्रॉडक्शनला सांगतो, "उद्या हळदीला पंधरा बायका, दहा पुरुष, दोन आज्या." प्रॉडक्शन ते कोऑर्डिनेटरला, म्हणजे क्राऊड पुरवणाऱ्याला, कळवतं आणि कोऑर्डिनेटर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दुसऱ्या दिवशीचे सीन बरेचदा आदल्या संध्याकाळी पक्के होतात, त्यामुळे रात्री मेसेज आणि सकाळी सातचा कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ) हे चालायचंच. पहिल्या दहा मिनिटांत उत्तर देणाऱ्यांची नावं लागतात.

कोऑर्डिनेटरला पाठवायचं ते असं: समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचा असे तीन फोटो. दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, फिल्टर न लावता. वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यात नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, भाषा. नऊवारी नेसता येते, फेटा बांधता येतो, दुचाकी चालवता येते, ढोल-लेझीम येतं, असं काही असेल तर ते आधी सांगा. चेहऱ्यापेक्षा यानेच जास्त काम मिळतं. आणि फोटो आत्ताचे हवेत. दाढी काढल्यावर जुना दाढीवाला फोटो ग्रुपवर फिरत राहिला की सेटवरून परत पाठवतात आणि त्या दिवसाचे पैसे कुणीच देत नाही.

मढकर

उत्तम धागा. एक भर. नोंदणी फी, पोर्टफोलिओ फी, 'कार्ड बनवून देतो' म्हणून आगाऊ पैसे, यातलं काहीही मागणारा कोऑर्डिनेटर नव्हे. खरा कोऑर्डिनेटर तुमच्या मिळकतीतून कमिशन कापतो, खिशातून मागत नाही. ते किती कापणार हे पहिल्याच दिवशी विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

संघटनेच्या कार्डाचं म्हणाल तर मुंबईत पुरुष ज्युनिअर आर्टिस्टांची संघटना वेगळी आणि बायकांची 'महिला कलाकार संघ' वेगळी. दोन्ही फेडरेशनच्या, म्हणजे फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजच्या छत्राखाली येतात. संवाद बोलणाऱ्या कलाकारांची सिंटा ही निराळी. मालिकांमध्ये बिनकार्डाचा क्राऊडही सर्रास उभा असतो, पण पैशाचं भांडण झालं की कार्ड असलेल्याच्या मागे उभं राहणारं कुणीतरी असतं.

आभाळमाया_ठाणे

कॉलचा मेसेज आला की होकार देण्याआधी एवढं लेखी मागून घ्या: तारीख, कॉल टाइम, पत्ता, शिफ्ट किती तासांची, हातात येणारी रक्कम कमिशन कापून की न कापता, कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) वेगळा की त्यातच, पैसे कधी, आणि भूमिका काय (पाहुणे, बाजार, हॉस्पिटल, कोर्ट). फोनवर सांगितलं असेल तर आपणच मेसेज टाकायचा, "दादा, उद्या सात, मीरा रोड, बारा तास, अमुक रुपये, बरोबर ना?" समोरून नुसता अंगठा आला तरी चालतो, लेखी काहीतरी राहतं.

पत्ता नीट वाचा. 'फिल्म सिटी' एवढंच लिहिलं असेल तर पुरेसं नाही. गोरेगावच्या गेटपासून आतले सेट बरेच लांब आहेत, चढ आहे, सात वाजता गेटवर पोचलात म्हणजे सेटवर पोचलात असं नव्हे. मढला वर्सोव्याच्या फेरीबोटीने जाणं जवळ पडतं, पण परतीच्या वेळी बोट असेलच असं धरून चालू नका. घोडबंदर, काशिमिरा, नायगाव इथले सेट हायवेपासून आत असतात. रात्रीच्या पॅकअपला रिक्षा मिळत नाही, तेव्हा ड्रॉप आहे का हे आधी विचारा. बायकांनी तर विचाराच.

लगीनघाई

बरोबर. शिफ्ट मालिकांत साधारण बारा तासांची असते, सात ते सात किंवा नऊ ते नऊ. ती कॉल टाइमपासून मोजायची, पहिल्या शॉटपासून नाही. पोचल्याबरोबर हजेरी लिहिणाऱ्याकडे नाव आणि वेळ नोंदवा. वेळ नुसती तोंडी सांगितली तर संध्याकाळी "तुम्ही तर नऊला आलात" ऐकावं लागतं.

पैठणी_प्रेमी

कपड्यांवर मी लिहिते, क्राऊडला सगळ्यात जास्त परत पाठवणी याच्यावरूनच होते.

आजच्या काळातली मालिका असेल तर कपडे स्वतःचे. तीन जोड न्यायचे: एक लग्नातला, एक घरातला, एक बाहेर जाण्याचा. पांढराशुभ्र नको, कारण तो उजेड परत फेकतो आणि नायिकेच्या मागे तुम्हीच चमकता. अगदी बारीक रेघा किंवा बारीक चौकडी नको, कॅमेऱ्यात त्या लाटांसारख्या हलतात. कंपनीचं नाव किंवा चित्र असलेला शर्ट नको. क्रोमा (मागे हिरवा पडदा, त्याजागी नंतर दुसरं दृश्य लावतात) असेल तर हिरवा नको, नाहीतर तुमच्या पोटातून डोंगर दिसतील. आणि नायिकेच्या साडीच्या रंगाची साडी असेल तर ड्रेसदादा बदलायला लावणारच, म्हणून दुसरी हवी. काठापदराची साडी, गडद पण लालभडक नसलेली, ही सगळ्यात सुरक्षित. पुरुषांनी साधा कुर्ता, फिकट निळा किंवा करडा शर्ट, काळी पँट, बूट आणि चपला दोन्ही न्याव्या.

ब्लाउजला पिना, सेफ्टी पिनांचं पाकीट, सुईदोरा, मॅचिंग टिकल्या, जादा परकर. काचेच्या बांगड्या पिशवीत असू द्या पण हातात नको. का, ते खाली कुणीतरी साउंडवर लिहीलच.

किर्र_रात्र

साउंडवर मी लिहितो.

मराठी मालिकांत बहुतेक संवाद सेटवरच रेकॉर्ड होतात. कलाकाराच्या छातीशी लेपल माइक असतो, वरून बूम (लांब दांडीवरचा माइक) असतो. आपण चार फुटांवर असलो तर आपला प्रत्येक आवाज त्यात जातो. बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा, प्लास्टिकची पिशवी, कडक इस्त्रीची रेशमी साडी, करकरणारे बूट. बुटांना तळाशी जाड कापडी टेप लावून मिळते, सेटिंगवाल्या दादांकडे किंवा साउंडवाल्यांकडे मागा.

मागे 'गप्पा मारा' असं सांगितलं की गप्पा मारायच्या नाहीत, ओठ हलवायचे. कुजबुज तर अजिबात नको. कुजबुजीतला 'स' आणि 'श' साध्या बोलण्यापेक्षा जास्त टोचतो. हसायचं असेल तर खांदे आणि चेहरा हलवायचा, घसा बंद. टाळ्या असतील तर तळवे टेकायच्या आधी थांबवायचे. या गलक्याचा, टाळ्यांचा आवाज नंतर वेगळा घेतात किंवा साठ्यातला लावतात.

एक तिढा मात्र असतो. निःशब्द बोलताना माणसं मान जास्त हलवतात, हातवारे मोठे करतात, आणि मागचा कोपरा नाटकासारखा दिसू लागतो. उपाय साधा आहे: मनातल्या मनात खरं वाक्य म्हणायचं. "गॅस सिलिंडर बुक केला का, काल फोन लागत नव्हता" असं काहीही. तोंड आपोआप खऱ्यासारखं हलतं.

लगीनघाई

आता पासिंग, म्हणजे फ्रेममधून चालत जाणं. वाटतं सोपं, पण टेक सगळ्यात जास्त यातच जातात.

'ॲक्शन' झाल्यावर लगेच निघायचं नसतं. सहायक दिग्दर्शक सांगतो, "तिने 'आई, तू बोलू नकोस' म्हटलं की निघा," किंवा हाताने इशारा करतो. प्रत्येक टेकला त्याच शब्दावर, त्याच पायाने, त्याच वेगाने. उभं राहायची जागा फ्रेमबाहेर दोन-तीन पावलं मागे ठेवा, म्हणजे फ्रेममध्ये शिरताना चाल लागलेली असते. फ्रेमच्या कडेवर उभे राहून निघालात तर जागेवरून हलणारा माणूस दिसतो. बाहेर पडल्यावरही लगेच थांबू नका. दोन-तीन कॅमेऱ्यांचा सेटअप असेल तर एकाच्या फ्रेमबाहेर गेलात म्हणजे दुसऱ्याच्याही गेलात असं नाही.

कॅमेऱ्याजवळून जाताना चाल मंद करा. लांबची लेन्स असेल तेव्हा जवळून गेलेला माणूस म्हणजे एक धूसर सावली सरकते. ती झर्रकन गेली तर डोळ्याला खटकते, आणि नायिकेच्या महत्त्वाच्या शब्दावर गेली तर टेक वाया. लांबून चालायचं असेल तर नेहमीची चाल ठेवा.

आणि नजर! कॅमेऱ्याकडे बघू नये हे सगळ्यांना माहीत असतं. मुख्य कलाकारांकडेही टक लावून बघायचं नाही, हे सांगावं लागतं. बाजारात कुणी दोघं हळू बोलत असतील तर आपण थांबून ऐकत नाही. याउलट सीनमध्ये कानाखाली वाजली, तर सगळ्यांनी एकदम वळायचंही नसतं. जवळचे आधी, लांबचे जरा उशिरा, एखाद-दोन वळतच नाहीत.

वामन_दप्तरदार

वरच्यात थोडी दुरुस्ती. मालिकेच्या लग्नात थप्पड बसली की सगळ्यांनी एकदमच वळायचं, आणि तीन-तीनदा. तिथे खरेपणाला कुणी विचारत नाही. :)

लगीनघाई

दप्तरदार, मान्य. हायपॉइंटला, म्हणजे मालिकेतल्या मोठ्या नाट्यमय प्रसंगाला, वेगळे नियम.

पैठणी_प्रेमी

लग्नाचा विषय निघालाच आहे तर अक्षता. बाहेरच्याला वाटतं तांदूळ टाकायचे, त्यात काय.

टेक सात-आठ तरी होतात आणि दर वेळी तांदूळ तेवढेच हवेत. प्रत्येकाला चिमूटभर, दहा-बारा दाणे देतात. मूठ भरून घेऊ नका. हळद-कुंकवाच्या अक्षता घामाने हाताला रंग देतात आणि पुढच्या क्लोजमध्ये (जवळच्या शॉटमध्ये) तुमचा तळवा लाल-पिवळा दिसतो. मागच्या शॉटमध्ये तो स्वच्छ होता! म्हणून अक्षता कागदाच्या घडीत किंवा रुमालात, आणि टेकच्या आधी बोटांत. टाकायच्या खालून वर, जोडप्याच्या खांद्याच्या उंचीपर्यंत, कॅमेऱ्याच्या बाजूला कधीच नाही. लेन्सवर दाणा आपटला तर काम तिथेच थांबतं. मंगलाष्टकं बऱ्याचदा शॉटमध्ये वाजतच नाहीत, कारण त्यावर संवाद चालू असतात. 'सावधान' कधी ते सहायकाच्या खाली येणाऱ्या हातावरून कळतं. सगळ्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघायचं, मान न वळवता.

प्रत्येक टेकनंतर तांदूळ झाडून काढतात. सेटच्या गुळगुळीत फरशीवर राहिलेल्या दाण्यांवरून नऊवारी नेसलेल्या बायका घसरतात. झाडल्याशिवाय जागेवर जाऊ नका, कितीही घाई करोत.

कोल्हापुरी_ठसका

अन् पंगत? पंगतीत नवीन माणूस लगेच ओळखू येतो, खरंच जेवायला लागतो.

पानात वाढलेलं अन्न सकाळी लावलेलं असतं. वरण घट्ट झालं की त्यावर पाणी किंवा तेल मारतात, म्हणजे चमकतं. चार तास लाइटखाली राहिलेला श्रीखंडाचा गोळा पोटात घालू नका राव. पद्धत अशी: भात कालवायचा, घास उचलायचा, तोंडापाशी न्यायचा, घास पानात परत, तोंड नुसतं हलवायचं. अगदीच जवळचा शॉट असेल तर दोन शितं. पापड मोडायचा नाही, कर्र आवाज माइकवर येतो. आणि 'ॲक्शन'च्या आधी पानाला हात लावायचा नाही, कारण मास्टर शॉटमध्ये (सगळा सीन दाखवणाऱ्या शॉटमध्ये) जिलबी अख्खी आणि क्लोजमध्ये अर्धी असं झालं तर सगळ्यांची पानं पुन्हा लावतात.

कोल्हापूर, सातारा, वाई, भोर, नाशिक या बाजूला मालिका आल्या की क्राऊड गावातलाच घेतात, ने-आण टेम्पो ट्रॅव्हलरने. मुंबईपेक्षा रक्कम कमी असते. पण जेवण खरं मिळतं.

अनु_सा

प्रश्न: माझा मुलगा ९ वर्षांचा. शाळेच्या वर्गाच्या सीनसाठी विचारणा झाली आहे. काय बघावं?

आभाळमाया_ठाणे

अनुताई, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी बालकामगार कायद्याखालचे नियम आहेत (२०१६ ची दुरुस्ती, २०१७ चे नियम). मागे बसणाऱ्या मुलांनाही ते लागू आहेत. थोडक्यात: निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायला हवी. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून जायला हवेत. शाळा बुडणार नाही हे बघणंही निर्मात्याकडे.

"परवानगीचा कागद बघायला मिळेल का?" हा प्रश्न कोऑर्डिनेटरला विचारा. "त्याची काय गरज, दोन तासांचं तर काम" असं उत्तर आलं तर पाठवू नका. आणि तुम्ही स्वतः सोबत राहा, मॉनिटरच्या मागे नव्हे, मूल दिसेल अशा जागी.

अनु_सा

धन्यवाद ताई, हेच हवं होतं.

मढकर

आता कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमध्ये जे दिसलं ते पुढच्यातही तसंच दिसणं, कारण पैशाचा संबंध तिच्याशीच आहे.

लग्नाचा ट्रॅक (कथेतला तेवढा भाग) सहा-सात दिवस शूट होतो आणि पडद्यावर ती एकच संध्याकाळ असते. पहिल्या दिवशी नवऱ्याच्या मागे पुढच्या रांगेत उभे राहिलात, की तुमचा चेहरा रजिस्टर झाला. मग सातही दिवस तुम्ही हवे, तीच साडी, तोच गजरा, तोच अंबाडा. मधेच दुसरीकडे काम घेतलंत तर सीन अडकतो आणि कोऑर्डिनेटर पुन्हा बोलावत नाही. म्हणून पुढे उभं करायच्या आधी विचारा, "पुढचे दिवस आहेत का?" आणि त्या दिवसांचा शब्द घ्या.

माझं मत: रोज काम हवं असेल तर मागेच राहा. पुढे आलात की त्या मालिकेत पुढच्या महिन्यात नर्स किंवा भाजीवाली म्हणून चालत नाही.

पैठणी_प्रेमी

याच्याशी सहमत नाही. पुढच्या रांगेतल्या 'नातेवाईक' बायका ठरलेल्या होतात. डोहाळजेवण, बारसं, सत्यनारायण, प्रत्येक समारंभाला त्याच लागतात, कारण घरची माणसं दर वेळी बदलून कशी चालतील? चेहरा लपवणारीला महिन्याला चार वेगवेगळ्या मालिका कराव्या लागतात, चार कोऑर्डिनेटर सांभाळावे लागतात. एका मालिकेची ठरलेली काकू असणं परवडतं.

मढकर

मालिका चालू आहे तोवर. टीआरपी घसरला आणि मालिका बंद झाली की काकू घरी. पण ठीक, ज्याची त्याची सोय.

किर्र_रात्र

दोघांचंही खरं आहे, ट्रॅकवर ठरतं. कंटिन्युइटीसाठी एक: मास्टर शॉटमध्ये ग्लास कुठल्या हातात होता, पर्स कुठल्या खांद्यावर, पदर कुठून, 'तू खोटारडा आहेस' या शब्दाला आपण कुठे वळलो, हे स्वतः लक्षात ठेवा. सहायक मुख्य कलाकारांचे फोटो काढतो, तुमचे काढेलच असं नाही. आणि तुम्ही तुमच्या फोनने सेटवर फोटो काढू नका. न दाखवलेल्या भागातला मंगळसूत्राचा एक फोटो स्टेटसवर गेला तर अख्ख्या ग्रुपचं काम जातं.

वामन_दप्तरदार

ऐतिहासिक मालिकांबद्दल कुणी लिहिलं नाही.

कपडे तिथे प्रॉडक्शनचे. त्यामुळे घाई होते ती केस, मिशी आणि पगडीत. कॉल दीड-दोन तास आधीचा समजा. नेलपेंट, रंगवलेले केस, घड्याळाचा पांढरा पट्टा, कोरलेल्या भुवया, टॅटू: यातलं काही असेल तर आधी सांगा, झाकण्याला वेळ लागतो. मिशी गमाने चिकटवतात. पहिल्यांदा लावत असाल तर मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून थोडा वेळ थांबा, काहींना पुरळ येतं. काढताना ओढायची नाही, रिमूव्हर लावून कडेने सोडवायची.

तलवारी फायबरच्या असल्या तरी टोक डोळ्यात जातं. फाइट मास्टरने दाखवलेल्या अंतरापेक्षा एक पाऊलही पुढे नको. आणि मशाली. भाड्याचे बरेचसे अंगरखे, शेले, नऊवाऱ्या कृत्रिम धाग्याच्या असतात, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटतात. मशाल हातात देत असतील तर सुती कपडा मागा, वाऱ्याची दिशा बघा, आणि वाळूची बादली कुठे आहे ते आधी डोळ्यांनी शोधा. ती नसेल तर मशाल घेऊ नका. यात भिडेखातर गप्प बसणारी माणसं भाजतात.

पोलिसांच्या वेषात असाल तर सेटच्या बाहेर टपरीवर चहाला जाऊ नका. शर्ट बदला किंवा वरून जॅकेट घाला.

अश्विनी_पालघर

रिॲलिटी शोच्या प्रेक्षकांत बसण्याचं काम यात येतं का?

लगीनघाई

येतं, आणि ते वेगळंच असतं. फोन दारातच जमा होतो. एसी अतिशय थंड असतो, शाल न्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी किंवा मधल्या वेळात नुसत्या टाळ्या, हसणं, उभं राहून दाद, डोळे पुसणं असे शॉट सलग घेतात, समोर स्टेज रिकामं. ते पुढे कुठेही जोडतात. त्यामुळे दिवसभर जागा बदलायची नाही, शेजारणीशी स्वेटर अदलाबदल करायचा नाही. आणि रेकॉर्डिंग मध्यरात्र ओलांडणं नित्याचं आहे, तेव्हा परतीची सोय आधीच.

आभाळमाया_ठाणे

बायकांसाठी दोन गोष्टी. पोचल्यावर आधी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह बघून घ्या. 'त्या झाडामागे पडदा लावलाय' हे उत्तर स्वीकारू नका, सगळ्यांनी मिळून मागितलं की खोली निघते. दुसरं, दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी असा २०१३ चा कायदा आहे. रोजंदारीवर आलेल्या बाईलाही तो लागू आहे. समिती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

नवखा_नगरकर

पैसे खरंच नव्वद दिवसांनी मिळतात का? की तो फक्त मोठ्या कलाकारांचा नियम?

मढकर

मालिकांत ९० दिवसांचं चक्र कलाकारांना असतं. क्राऊडचं कोऑर्डिनेटरवर अवलंबून. काही त्याच संध्याकाळी रोख देतात, काही महिन्याचा हिशोब करतात, काही निर्मात्याकडून आल्यावर म्हणजे तीन-तीन महिन्यांनी. काम घेताना विचारलं नसेल तर नंतर भांडण्यात अर्थ नाही.

व्हाउचरवर (पैशांच्या पावतीवर) सही करताना तारीख, रक्कम आणि मालिकेचं नाव भरलेलं आहे का बघा. कोऱ्या व्हाउचरवर सही नको, 'गर्दी आहे, नंतर भरतो' म्हटलं तरी. रक्कम ५००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं. टीडीएस कापला म्हणाले तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या नोंदीत दिसतं. पॅनची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा, कुठल्या मालिकेच्या पैशांसाठी आणि कोणत्या तारखेला. आधार मास्क केलेला (आकडे झाकलेला) द्या, आणि ग्रुपवर टाकू नका, कोऑर्डिनेटरला एकट्याला पाठवा.

ओव्हरटाइम झाला तर पॅकअपची वेळ त्याच व्हाउचरवर लिहून घ्या. आणि अचानक एखादी ओळ बोलायला लावली, "वहिनी, पाहुणे आले" एवढी जरी, तरी शॉटच्या आधी सहायकाला आणि कोऑर्डिनेटरला विचारा, "डायलॉग आहे, रक्कम तीच का?" शॉट झाल्यावर विचारलं तर उत्तर 'तीच' असं असतं.

नवखा_नगरकर

आणि पावसाने शूट रद्द झालं, आपण पोचलेलो असलो तर?

मढकर

हजेरी लागली असेल तर पूर्ण नाही तरी अर्धी रक्कम आणि कन्व्हेयन्स मागायचा. देतीलच असं नाही, पण हजेरीच लागली नसेल तर मागताही येत नाही. म्हणून पोचल्याबरोबर नाव लिहा, चहा नंतर.

लगीनघाई

नगरकर, नगरहून येणार असाल तर एका दिवसाच्या कॉलसाठी येऊ नका, प्रवासातच सगळं जाईल. सलग तीन-चार दिवसांचा ट्रॅक असेल तरच हो म्हणा, आणि राहायची सोय प्रॉडक्शन करणार नाही हे धरून चला. त्यापेक्षा नाशिकच्या बाजूला मालिका लागली की तिकडच्या कोऑर्डिनेटरला फोटो पाठवून ठेवा.